राखून ठेवलेला सहावा हिस्सा

चिपळूणच्या परिसरातील दोन गावांनी महाराष्ट्राला दोन फार वेगळ्या प्रकृतीचे विचारवंत दिले. पेढे-परशुराम येथे १८८० साली महामहोपाध्याय पां. वा. काणे जन्मले आणि मिरजोळी येथे १९३२ साली हमीद दलवाई. काण्यांनी धर्मशास्त्राचा अफाट पसारा पाच खंडांत लावून दाखवला, तर दलवाईंनी मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला त्या समाजातील स्त्रीच्या बाजूने प्रश्न विचारले. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हा रत्नागिरीकरांना दलवाई भेटतात ते प्रथम ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीतून आणि मग १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर गेलेल्या सात मुस्लिम स्त्रियांच्या मोर्चातून. वर्गातली चर्चा तोंडी तलाकपाशी येते आणि बहुधा तिथेच संपते.

तलाकच्या अलीकडे मात्र आणखी एक प्रश्न उभा असतो. विवाहातून निर्माण होणारे पैशाचे हक्क, म्हणजे मेहेर, निर्वाह आणि वारसा, हे ‘पती’ आणि ‘पत्नी’ या दोन भूमिकांना चिकटलेले असतात. परंतु त्या भूमिका धारण करणाऱ्या देहाचे लिंगच संदिग्ध असेल, किंवा पुढे बदलले, तर त्या हक्कांचे काय होते? हा प्रश्न आजच्या शस्त्रक्रियांच्या युगातच निर्माण झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्हालाही तसे वाटत होते. पण तो जुना आहे, आणि त्याचे सर्वांत विचार करायला लावणारे उत्तर ज्या पंथात सापडते तो पंथ आमच्या कोकणातील मुसलमानांचाच आहे.

प्रथम मेहेरविषयी. मराठी वाचक मेहेरची गाठ अनेकदा हुंड्याशी किंवा देजाशी घालतो. दोन्ही तुलना फसव्या आहेत. हुंडा वराकडे जातो, देज वधूच्या पित्याकडे. मेहेर मात्र खुद्द वधूचे असते. कुराणाच्या ‘निसा’ या सूरेत ते स्त्रियांना देण्याची आज्ञा आहे, आणि शास्त्रकारांनी त्याला सरळ ‘दैन’ म्हणजे कर्ज मानले आहे. पती मरण पावला तर इतर सावकारांप्रमाणे पत्नीचेही देणे त्याच्या मालमत्तेतून आधी भागवावे लागते. वारसांची वाटणी त्यानंतर. मेहेरचे दोन प्रकार आहेत: मागताक्षणी द्यावयाचे आणि मुदतीने, म्हणजे बहुधा मृत्यूनंतर किंवा तलाकनंतर द्यावयाचे. गंमत अशी की अरबी लिपीत हे दोन शब्द ‘ऐन’ आणि ‘हम्झा’ यांच्या फरकाने ओळखू येतात, पण देवनागरीत दोन्ही ‘मुअज्जल’च होतात. एका अक्षरावर पैसा आज की मरणोत्तर, हे ठरते आणि आपल्या लिपीला ते अक्षरच नाही. भाषेच्या अभ्यासकाला यात कायद्याचा पहिला धडा मिळतो: देणे शब्दाने निर्माण होते, आणि शब्द नीट न उतरला तर देणेही हरवते.

आता दुसरी गोष्ट. या व्यवस्थेत पैसा एका दिशेने वाहतो. मेहेर पतीने द्यावयाचे, निर्वाह पतीने करावयाचा. मृत्यूनंतर पत्नीला पतीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा मिळतो, अपत्ये असल्यास आठवा. पतीला पत्नीच्या मालमत्तेत याच्या दुप्पट, म्हणजे अर्धा किंवा चौथा. पुत्राचा वाटा कन्येच्या दुप्पट. अशा कायद्याला ‘ही व्यक्ती पुरुष की स्त्री’ हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण त्याच्या प्रत्येक आकड्याखाली तो दडलेला असतो. म्हणूनच मध्ययुगीन शास्त्रकारांनी ‘खुन्सा’ या विषयावर, म्हणजे जन्मतः दोन्ही लक्षणे असलेल्या किंवा कोणतेच लक्षण स्पष्ट नसलेल्या व्यक्तीवर, प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली. अल-मर्घिनानीच्या ‘हिदाया’त खुन्सावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘फतावा-इ-आलमगिरी’तही आहे.

कोकणाचा संबंध येथे येतो. हिंदुस्थानातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे. कोकणी मुसलमान मात्र शाफई. हा फरक समुद्राने आणला. अरबस्तानच्या किनाऱ्याशी व्यापाराने जोडलेल्या कोकण, भटकळ, मलबार या पट्ट्यात शाफई परंपरा रुजली, ती आग्नेय आशियापर्यंत पसरली. चौदाव्या-पंधराव्या शतकातील माहीमचे मखदूम अली माहिमी हे याच परंपरेचे विद्वान. पंथभेद हा केवळ नमाजातील हात बांधण्याच्या रीतीचा भेद नाही. विवाहाच्या व्यवहारात तो पैशाचा भेद होतो. हनफी मतात मेहेरची किमान मर्यादा दहा दिरहम आहे, शाफई मतात किमान मर्यादाच नाही. पती निर्वाह करीत नसेल तर हनफी काझी पत्नीला पतीच्या नावावर उसने काढण्याची मुभा देतो, शाफई काझी मात्र निकाह रद्द करू शकतो. हनफी मतात प्रौढ कन्या स्वतः निकाह करू शकते, शाफई मतात तिला ‘वली’ म्हणजे पालक लागतो. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर याच मुद्द्याचा खटला आला. शाफई कुटुंबात जन्मलेल्या वयात आलेल्या मुलीला हनफी मत स्वीकारता येते आणि मग पित्याच्या संमतीवाचून केलेला तिचा निकाह वैध ठरतो, असा निवाडा झाला. माणूस स्वतःच्या निर्णयाने आपली कायदेशीर ओळख बदलू शकतो आणि त्या बदलाबरोबर त्याचे हक्कही बदलतात, ही कल्पना मुंबईच्या न्यायालयाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य केली होती.

देहाच्या बाबतीत हे दोन पंथ काय म्हणतात? आधी तुलनेने सोपे प्रकरण पाहू. पती शरीरसंबंधास असमर्थ असल्याची तक्रार पत्नीने केली, तर दोन्ही पंथ त्याला एक वर्षाची मुदत देतात. ऋतुचक्र पूर्ण फिरल्यावर दोष जातो की राहतो, हे पाहण्यासाठी ही मुदत. वर्षानंतर पत्नी वेगळी होऊ शकते. तिच्या मेहेरचे काय? हनफी म्हणतात, दोघे एकांतात राहिले आहेत, पत्नीने आपल्याकडून काही राखून ठेवले नाही, म्हणून पूर्ण मेहेर द्या. शाफई म्हणतात, संबंध झालाच नाही आणि निकाह पत्नीच्या मागणीने रद्द झाला, म्हणून मेहेर नाही. स्त्रीच्या दृष्टीने येथे हनफी मत उदार आणि आमच्या कोकणातले मत कठोर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहोत ते स्थानिक अभिमानातून आले असे वाटू नये.

खुन्साच्या बाबतीत चित्र उलटते. लहानपणी मूत्रमार्गावरून निर्णय करावा, वयात आल्यावर दाढी, स्तन, ऋतुप्राप्ती अशा खुणांवरून, याबाबत साधारण एकमत आहे. खुणा बोलत नसतील तर ती व्यक्ती ‘खुन्सा मुश्किल’, म्हणजे न सुटणारे कोडे. अशा व्यक्तीचा निकाह लावला गेला तर हनफी ग्रंथ तो वैधही म्हणत नाहीत आणि रद्दही म्हणत नाहीत. स्थिती उघड होईपर्यंत तो अधांतरी राहतो. पुढे ती व्यक्ती पुरुष ठरली, पण पत्नीशी संबंध ठेवू शकली नाही, तर तिला असमर्थ पतीप्रमाणे वर्षाची मुदत मिळते. शाफई मत निकाहाबाबत कडक आहे: कोडे सुटेपर्यंत निकाह नाही. पण ते कोडे सोडवण्याचा एक जास्तीचा मार्ग शाफई ग्रंथ देतात, आणि आम्हाला तोच विलक्षण वाटतो. सर्व बाह्य खुणा निकामी ठरल्या तर वयात आलेल्या त्या व्यक्तीलाच तिचा ‘मैल’ म्हणजे ओढा विचारावा. आपला ओढा कोणाकडे आहे हे ती सांगेल त्यावरून तिचे लिंग ठरते, आणि तिचा शब्द स्वीकारला जातो. तेराव्या शतकात नववींसारख्या शाफई शास्त्रकारांनी हे नोंदवून ठेवले आहे. मात्र एक अट आहे: एकदा सांगितलेले मागे घेता येत नाही. का? कारण त्या शब्दावर आता इतरांचे हक्क उभे राहिले आहेत. कोणाचा वारसा, कोणाचे मेहेर, कोणाचा निर्वाह.

या विचाराची खरी ओळख वाटणीच्या उदाहरणात पटते. एका माणसाच्या मागे एक पुत्र आणि एक खुन्सा अपत्य आहे, आणि मालमत्ता सहा लाखांची आहे असे समजा. खुन्सा पुरुष ठरल्यास दोघांना तीन-तीन लाख. स्त्री ठरल्यास पुत्राला चार आणि तिला दोन. अबू हनीफांचे मत असे की खुन्साला दोहोंपैकी कमी वाटा द्यावा: दोन लाख, आणि चार लाख पुत्राला. हिशेब मिटला. शाफई मत वेगळे: प्रत्येकाला त्याचा निश्चित तेवढाच वाटा द्या. खुन्साचे निश्चित दोन लाख, पुत्राचे निश्चित तीन लाख. उरलेला एक लाख, म्हणजे सहावा हिस्सा, कोणालाच देऊ नका. कोडे सुटेपर्यंत किंवा दोघांचा समझोता होईपर्यंत तो राखून ठेवा.

हा राखून ठेवलेला सहावा हिस्सा आमच्या मनातून जात नाही. आपल्याला हा देह कळलेला नाही, अशी येथे कायद्याने कबुली दिली आहे. पण आपल्या अज्ञानाची किंमत त्याने दुबळ्याकडून वसूल केलेली नाही, आणि सबळाला त्या अज्ञानाचा लाभही होऊ दिलेला नाही.

काण्यांच्या धर्मशास्त्राकडे वळले की हा फरक अधिक जाणवतो. मनु आणि याज्ञवल्क्य यांनी क्लीबाला पित्याच्या मालमत्तेतील हिश्श्यातून वगळले. अन्नवस्त्राचा हक्क तेवढा ठेवला. नारदाने क्लीबांचे चौदा प्रकार सांगितले आणि अशा पतीच्या पत्नीला दुसऱ्या पतीची वाट मोकळी ठेवली. म्हणजे पत्नीच्या सुटकेचा विचार येथेही आहे. पण ज्याचा देह वेगळा त्याला मिळते ती पोसणूक, हिस्सा नव्हे. शारीरिक वैगुण्यामुळे वारसा नाकारण्याची ही रूढी दूर करण्यासाठी १९२८ साली कायदा करावा लागला.

इंग्रजी अमलात हे सारे ज्ञान अनुवादांतून न्यायालयात आले. चार्ल्स हॅमिल्टनचा ‘हिदाया’ १७९१ साली, विल्यम जोन्सचा वारसाहक्कावरील ‘सिराजिया’ १७९२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथ हनफी. त्यामुळे शाफई कोकणाचा विचार न्यायालयांच्या टेबलावर उशिराने आणि तुकड्या-तुकड्यांनी पोहोचला. त्याच राजवटीने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग ‘नपुंसकां’साठी राखला. तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. नोंद झालेल्या व्यक्तीला मृत्युपत्र करता येणार नाही, दान देता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही आणि अज्ञानाचे पालकत्व करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ज्या व्यक्तीसाठी शाफई शास्त्रकार सहावा हिस्सा राखून ठेवत होते, तिच्यासारख्यांचे सगळे आर्थिक व्यक्तित्वच आधुनिक राज्याने एका कलमाने पुसून टाकले. खुन्सा आणि हिजडा हे दोन वर्ग एक नव्हेत, हे खरे. पण कायद्याने पैशाच्या दारात त्यांना कसे उभे केले, याची तुलना करण्याजोगी आहे.

विवाहित स्त्रीसाठी मात्र १९३९ साली एक चांगला कायदा आला. मुस्लिम स्त्रीला न्यायालयाकडून निकाह रद्द करून मागता येईल अशी कारणे त्यात आली: दोन वर्षे निर्वाह न करणे, विवाहसमयापासून असलेली पतीची असमर्थता इत्यादी. त्याच्या पाचव्या कलमाने विवाह रद्द झाला तरी मेहेरचा हक्क अबाधित राहील असे म्हटले. हनफी मताच्या कोंडीतून वाट काढताना विधिमंडळाने मालिकी पंथाचा आधार घेतला. एका पंथाची उणीव दुसऱ्या पंथाच्या शहाणपणाने भरून काढता येते, याचा हा पुरावा.

येथवरचा प्रश्न संदिग्ध देहाचा होता. देह शस्त्रक्रियेने बदलण्याचा प्रश्न विसाव्या शतकातला, आणि त्याची चर्चा कोकणापासून दूर झाली. १९६०च्या दशकात तुर्कस्तानात हद्दपारीत असताना आयातुल्ला खोमेनी यांनी लिहिलेल्या ‘तहरीर अल-वसीला’ या शिया ग्रंथात लिंगबदलाची प्रकरणे आहेत, आणि त्यांतील मोठा भाग हिशेबाचा आहे. पती किंवा पत्नीचे लिंग बदलले तर त्या क्षणापासून निकाह संपतो. पण संबंध झालेला असेल तर पूर्ण मेहेर देणे उरते. पती स्त्री झाला म्हणून ऋण बुडत नाही, पत्नी पुरुष झाली म्हणून तिचे येणे बुडत नाही. कैरोत १९८८ साली अल-अझहरच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या शस्त्रक्रियेवरून वादळ उठले. तेव्हा मुफ्ती तंतावी यांनी दडलेले लिंग प्रकट करणारी शस्त्रक्रिया मान्य केली, केवळ इच्छेखातर केलेली नाही. म्हणजे खुन्साचीच चौकट थोडी रुंद झाली. पाकिस्तानने २०१८ साली स्वयंघोषित ओळख मान्य करणारा कायदा केला आणि वारसाहक्कही त्या ओळखीनुसार दिला. २०२३ साली तेथील संघीय शरियत न्यायालयाने ओळखीची आणि वारशाची ती कलमे रद्द केली. त्या वादात वारशाचा मुद्दा कळीचा होता: शब्दाने ओळख बदलू द्यायची, पण शब्दाने वाटा दुप्पट होऊ द्यायचा का?

आपल्याकडे क्रम वेगळा राहिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा निवाड्यात लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा मानला. २०१९ च्या संसदीय कायद्याने ओळखपत्राची पद्धत घातली. विवाह, पोटगी, वारसा यांबाबत मात्र त्यात शब्द नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्ती स्त्री-पुरुष संबंधात असल्यास प्रचलित कायद्यांनुसार, व्यक्तिगत कायद्यांनुसारही, विवाह करू शकते असे म्हटले. मग अशा विवाहातून निर्माण होणाऱ्या देण्याचे काय?

याचे एक उत्तर आधीच महाराष्ट्रातून आले होते. २०१६ साली शस्त्रक्रियेने स्त्री झालेल्या आणि त्याच वर्षी विवाह केलेल्या एका पत्नीने पुढे बारामतीच्या न्यायालयात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा १२,००० रुपये पोटगी दिली. ही कायद्याच्या अर्थाने स्त्रीच नव्हे, तिच्याकडे २०१९ च्या कायद्याखालील प्रमाणपत्रही नाही, असे पतीचे म्हणणे. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनी ते फेटाळले आणि पोटगी कायम केली. विवाह करताना जिचे स्त्रीत्व चालले, तिला पैसे देण्याची वेळ आली की ते अचानक संशयास्पद ठरते. आम्हाला या खटल्याचे सार एवढेच दिसते.

तो खटला निकाहाचा नव्हता. पण तो कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, म्हणून निकाहातल्या पत्नीलाही तो दार उघडतो. प्रश्न उरतो मेहेरचा. अशा पत्नीचे स्त्रीत्व ज्या शास्त्रकारांना मान्यच नाही ते तिला मेहेर देणार नाहीत, हे उघड आहे. शाफईंचा ‘मैल’चा नियमही जन्मतः संदिग्ध देहापुरता आहे, मनाने स्त्री असलेल्या स्पष्ट पुरुषदेहाला तो लागू करणे म्हणजे ग्रंथाच्या तोंडी आपले शब्द घालणे होईल. तसे आम्ही करणार नाही. परंतु त्याच परंपरेत आणखी एक तत्त्व आहे: निकाह सदोष ठरला तरी संबंध झालेला असेल तर स्त्रीला ‘मेहेर-ए-मिस्ल’, म्हणजे तिच्या कुळातील स्त्रियांना साजेसे मेहेर, द्यावे लागते. करार मोडला तरी माणूस मोफत वापरला गेला असे होऊ नये, हा त्यामागचा विवेक. तो विवेक कोणाच्या बाबतीत लागू करायचा, हे पुढच्या पिढीच्या आलिमांनी आणि न्यायाधीशांनी ठरवायचे आहे. विवेक नव्याने शोधायची गरज नाही.

शाहबानो खटल्यात १९८५ साली न्या. यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मेहेर ही तलाकची किंमत नव्हे असे स्पष्ट केले होते. ते पत्नीच्या सन्मानाचे चिन्ह, म्हणून ते दिल्याने पोटगी चुकत नाही. १९८६ चा कायदा आला, २००१ साली त्याचा उदार अर्थ लावला गेला, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम घटस्फोटितेचा फौजदारी संहितेखालील पोटगीचा हक्क पुन्हा अधोरेखित केला. त्या स्त्रियांच्या देहाबद्दल कोणालाच शंका नव्हती, तरी त्यांचे देणे मिळायला एवढा काळ लागला. ज्यांच्या देहाबद्दलच शंका घेतली जाते त्यांना किती लागेल?

दलवाईंनी परंपरेला बाहेरून आव्हान दिले, काण्यांनी ती आतून वाचून काढली. आम्हाला दोघेही हवे आहेत. मध्ययुगीन फिक्ह समतेचा ग्रंथ नव्हे. त्यात कन्येचा वाटा अर्धाच आहे. तरीही आपल्याला न कळलेल्या माणसासाठी सहावा हिस्सा बाजूला काढून ठेवण्याचे सौजन्य त्यात आहे. आमच्या काळाने अशा माणसाला नाव दिले, प्रमाणपत्र दिले. त्याचा हिस्सा मात्र कोणाच्या तरी खिशात राहू दिला आहे.